बाहेर तोंड केलेले बूट

९ जानेवारी, सोमवार

नवी वही. तोमे म्हणते, या वयात दैनंदिनी लिहायची म्हणजे एक तर हौस, नाहीतर विसरायला लागल्याची खूण. तिच्या टोफूच्या दुकानात बसून दिवसभर अशी अक्कल वाटत असते. मी लिहिते ते एवढ्यासाठी की घरात बोलायला कुणी उरलं नाही. शिओरी आहे, पण ती बापाची लेक. विचारलं तर उत्तर देते, न विचारलं तर भिंतीला बरं म्हणायचं.

नव्या वर्षाच्या सात देवांच्या यात्रेची गर्दी आज ओसरली. आठवडाभर आमची सगळी यानाका वस्ती माणसांनी फुलली होती. आमच्या फाटकावरून रांगा गेल्या, आत एकही वळला नाही. सातांतला एकही देव आमच्याकडे नाही ना. आमच्या सेइरोजी देवळात आहे एक बुद्ध, एक गळकं छप्पर आणि मी.

दुपारी इसोगाई-सान आले. ज्या घराण्यांच्या समाध्या आमच्या देवळात आहेत त्या सगळ्यांचे ते पुढारी. उरलेल्या वेळात सेनबेईचं, म्हणजे भाजलेल्या तांदळाच्या पापड्यांचं, दुकान चालवतात. नेहमीप्रमाणे तुटक्या सेनबेईंची पिशवी घेऊन आले. अख्ख्या विकायच्या, तुटक्या देवाला.

"वहिनी, एक सुचवू का? रागावू नका," म्हणाले. हे असं म्हटलं की मी आधी रागावून घेते. "दर रविवारी तुम्ही पाहुण्यांना पायी फिरवा. निप्पोरी स्टेशनपासून, दफनभूमीतून, जुन्या मातीच्या भिंतीवरून, सगळी देवळं दाखवत इथं आणा, चहा पाजा. फाटकातून माणसं येताना दिसली की मुख्य मठालाही वाटेल, देऊळ जागतं आहे."

त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं. गेल्या मे महिन्यात हे गेले. देऊळ, त्याला लागलेलं घर, न्हाणीघरातली बादलीसुद्धा देवळाची. पुजारी आहे तोवर पुजाऱ्याच्या बायकोला छप्पर. वर्षश्राद्धाच्या आत या घरातून नवा पुजारी उभा राहिला तर ठीक. नाहीतर मठ दुसरा पाठवेल, तो बायकापोरं घेऊन येईल आणि आम्ही मायलेकींनी गाशा गुंडाळायचा. मुलगा नाही. म्हणजे शिओरीनं एखादा पुजारी घरजावई आणायचा, मी आणला तसा. मी याच घरात जन्मले, याच घरात नवरी झाले. माझी वरात म्हणजे मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत.

फेरीला हो म्हटलं. शिओरीच्या बापाचं देऊळ तिच्या हातून जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या मनात आहे.

१५ जानेवारी, रविवार

पहिली फेरी. छत्रीच्या दांड्याला जांभळा रुमाल बांधून निशाण केलं. ते हातात घेतलं आणि काय झालं कोण जाणे, माझा आवाजच बदलला. "मंडळी, आता आपल्या डाव्या हाताला पाहा हं!" मागून तोमे ओरडली, "अगं मित्सुयो, बस विसरलीस वाटतं कुठं!"

या बाईला काही म्हणजे काही विसरता येत नाही. विसाव्या वर्षी मी बसगाइडची परीक्षा पास झाले होते. निळा गणवेश, पांढरे हातमोजे, पाहुण्यांना घेऊन निक्को, हाकोने, इझू. गणवेशाचं मापसुद्धा देऊन आले होते. मग बाबा म्हणाले, एकुलती मुलगी बसमधून हिंडायला लागली तर देवळात जावई यायचा कुणासाठी? बरोबरच होतं त्यांचं. त्याला आता काय.

माणसं चांगली होती. मातीच्या भिंतीपाशी सगळ्यांनी फोटो काढले. कौलांचे थर मातीत असे बसवलेत की बघत राहावं. मी तिथून रोज जाते आणि आज पहिल्यांदा थांबले.

चहा झाला, मंडळी आतल्या खोलीत बोलत बसली, तेव्हा मी दारातल्या जोड्यांची तोंडं बाहेर वळवून ठेवली. माझ्या आईची शिस्त ती. जो जाणार आहे त्याच्या जोड्याचं तोंड दाराकडे, म्हणजे त्याला सरळ पाय घालून निघता येतं. घरच्यांच्या जोड्यांची तोंडं आत. त्यांना कुठं जायचंय? लहानपणापासून हजारो जोडे वळवले असतील मी. माणसाचा चेहरा विसरते, टाच कशी झिजली होती ते आठवतं.

१७ जानेवारी, मंगळवार

शिओरी पुन्हा दंतवैद्याकडे. मंगळवारी आणि शुक्रवारी. असे कुठले दात आहेत देव जाणे. जाताना गप्प, येताना गप्प, आणि येते ती पाय ओढत. दंतवैद्य काय पायांवर बसवून दात काढतो?

ती गेली की मी घरात अडकते. मी फेरीला गेले की ती. देऊळ रिकामं ठेवायचं नाही हा नियम बुद्धापेक्षाही जुना. कधी फोन वाजेल, कुणाच्या घरी माणूस गेलं असेल, सांगता येत नाही. लग्नानंतर आम्ही दोघं समुद्रकाठच्या आतामीला निघालो होतो, गाडीतून उतरतो तोच निरोप. दोन मयती. परत फिरलो. समुद्र फलाटावरूनच पाहिला, तोही एका खांबाआडून. त्यानंतर रात्र घराबाहेर काढलेली नाही.

दारात शिओरीचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट तसेच उभे. होक्काइदोत गाईंची डॉक्टर होती ना. बाप गेला म्हणून आली, रजा वाढवत राहिली. बूट इतके धुतले तरी गोठ्याचा वास जात नाही. देवळाच्या दारात हे ध्यान! पाहुणे उदबत्तीचा वास घेत येतात आणि गोठा हुंगून जातात. सांगितलं तर म्हणते, "राहू दे ना आई, जागा खातात का ते?"

खातात.

२९ जानेवारी, रविवार

आज फेरीत एक छोटा फाटा वाढवला. तोमेच्या दुकानावरची खोली रिकामी झालीय, भाडेकरू गेला. तिथून उताराच्या पायऱ्यांवरचा सूर्यास्त फार छान दिसतो. पाहुण्यांना दाखवायला नको? लहानशी खोली, एक चूल, पश्चिमेला खिडकी. खाली सकाळी टोफूची वाफ, वर ऊन. कपाटात एका माणसाची गादी बरोबर मावेल. हे मी उगीच मोजलं, मला सवय आहे.

"तुझ्या पाहुण्यांनी बघून झालं, ते खाली उतरले," तोमे म्हणाली. "तू काय खिडकीला चिकटलीस?"

"काच पुसत होते. किती घाण ठेवतेस गं."

"हो का? मग रोज येऊन पुसत जा."

माणसानं थट्टा करावी, पण किती.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

आनंदाची गोष्ट. दारातले रबरी बूट गेले! शिओरीनंच समाध्यांचे दगड घडवणाऱ्या काजिउरा-सानना देऊन टाकले. मी म्हटलं, "अगं, विचारायचंस तरी." म्हणाली, "आता कशाला लागणार आहेत, आई." मला भरून आलं. शेवटी पोरीचं मन इथं रमलं म्हणायचं. जागा पुसून काढली, दार कसं मोकळं मोकळं दिसतंय.

तिचा घसा मात्र पार बसलाय. मध्यंतरी दोन आठवडे आवाजच फुटत नव्हता, आता बोलते ती एखाद्या पुरुषासारखी. मुळ्याच्या फोडी मधात घालून ठेवल्या, पाझरलेलं पाणी चमच्या-चमच्यानं देते. गुमान पिते. काल पिता पिता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुळा तिखट असावा.

तोमेला माझा संशय सांगितला, दंतवैद्य वगैरे काही नाही, पोरगी कुणाला तरी भेटते. तोमे म्हणाली, "भेटून घसा बसतो? मग भेटत नसेल, भांडत असेल." असं असलं तर लवकर आवरायला हवं. इसोगाई-सानच्या मनात एक स्थळ आहे.

१२ फेब्रुवारी, रविवार

बर्फ. कुणी आलं नाही. मी निशाण घेऊन सगळी फेरी एकटीनंच केली.

२६ फेब्रुवारी, रविवार

फेरीत एक परदेशी बाई होती, जपानी छान बोलत होती. चहाच्या वेळी विचारते, "फेरी इथं संपल्यावर तुम्ही घरी कशा जाता? लांब पडतं का?"

"मी घरीच असते," म्हटलं.

ती हसायची थांबली. "म्हणजे तुम्ही घरून निघून आम्हाला घ्यायला स्टेशनवर येता, आणि फिरवून फिरवून पुन्हा घरीच?"

"हो."

"आणि पुढं?"

पुढं काय! पुढं कप विसळायचे. काय एकेक प्रश्न असतात लोकांचे. मी तिच्या बुटांचं तोंड वळवून ठेवलं, जरा जोरातच.

इसोगाई-सान स्थळ घेऊन आले. चिबाकडच्या एका देवळाचा दुसरा मुलगा, एनशू नाव. थोरला तिकडचं देऊळ सांभाळणार, म्हणजे हा घरजावई यायला मोकळा. फोटोत गाल वर आलेले, बरा वाटतो. सेनबेई चघळत इसोगाई-सान पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघत होते. "वहिनी, तुमच्या मनाला पटतंय ना? हे घर तुमच्या जिवापेक्षा जवळचं, मला माहीत आहे. तुमच्यासाठीच चाललंय सगळं."

"माझं काय घेऊन बसलात, शिओरीचं बघा," मी म्हटलं.

शिओरीला फोटो दाखवला. पाहिला, आणि थोडी दचकली असं मला वाटलं. मग म्हणाली, "तुला हवं तसं, आई."

"मला हवं तसं काय? तुला घर राखायचंय ना?"

"तुझं घर राहील," म्हणाली, आणि सरपण आणायला गेली. आमच्याकडे कित्येक वर्षं गॅस आहे.

७ मार्च, मंगळवार

शिओरी केस कापून आली. इतके बारीक की मानेवरचा तीळ दिसतो, लहानपणी दिसायचा तसा. मुलगा बघायला यायच्या तोंडावर हे! मी खूप बोलले. बापासारखीच मान खाली घालून ऐकत राहिली आणि म्हणाली, "वाढतील की."

रागाच्या भरात तिची खोली झाडली. गादीखाली पाय बांधायच्या पट्ट्या. घोट्यांवर घट्टे पडलेत तिच्या. गाईंच्या मागे धावून पडले असणार. तिथं काय काय सोसलं पोरीनं, बरं झालं सुटली.

१९ मार्च, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

ठरल्याप्रमाणे एनशू आला. आधी फेरीत चालायचं, मग घरी चहाला शिओरीशी ओळख, असा इसोगाई-सानचा बेत. विषुवाचा आठवडा, समाध्यांना जाणारे लोक फुलं घेऊन सगळीकडे. मुलगा आधी बाजारातल्या तळलेल्या वड्यांकडे वळला, एक खाल्ला, दुसरा हातात, आणि माझ्या शेजारून चालायला लागला. घाम पुसत म्हणाला, "काकू, खरं सांगू? मला नकार मिळणार हे माहीतच होतं. पण फेरीची फार हौस, म्हणून आलो."

"नकार कोण देतंय?" मी म्हटलं. "बघून तर घ्या एकमेकांना."

"बघायचं काय? शिओरी-सान आमच्याच वर्गात आहेत की. मंगळवार-शुक्रवार."

मी म्हटलं, कसला वर्ग.

त्याच्या तोंडात वडा होता. तो गिळेपर्यंत त्याला कळलं की मला माहीत नाही. चेहरा पडला बिचाऱ्याचा. पण खोटं बोलता येणाऱ्यांतला नव्हता. "दीक्षेचा वर्ग, काकू. पुजारी व्हायचा. एप्रिलमध्ये त्यांची दीक्षा आहे. पठणात त्यांच्यासारखं कुणी नाही. पहिला महिना घसा फुटून रक्त यायचं, तरी थांबल्या नाहीत. पाय दुमडून बसता यायचे नाहीत, रडायच्या, पण बसायच्या. मी एकदा विचारलं, एवढं कशासाठी? म्हणाल्या, आई त्या घराबाहेर जगणार नाही. मी गाईंशिवाय जगेन."

मागून कुणीतरी विचारलं, "ही भिंत किती जुनी?" मी उत्तर दिलं. कौलं, माती, थर, आगीतून वाचली, भूकंपातून वाचली, सगळं पाठ आहे, तोंड आपोआप चालू होतं. डोक्यात मुळ्याचं पाणी. मधात मुरलेलं. चमच्यानं पाजत होते मी तिला, अजून पठण करता यावं म्हणून.

दारात चाफा असलेल्या देवळापाशी डावीकडे वळलं की आमचं फाटक. मी उजवीकडे वळले. का ते माहीत नाही. निशाण उंच धरलं होतं आणि लोक माझ्या मागे येत होते. उतार लागला, दफनभूमीची कड गेली, आणि समोर स्टेशन. मी फाटकापाशी, म्हणजे तिकिटाच्या फाटकापाशी, जाऊन थांबले. "मंडळी, आपली फेरी इथं संपली."

कुणी काही म्हणालं नाही. आमच्याकडे कुणी म्हणत नाही. सगळ्यांनी वाकून आभार मानले, चहाचं कुणी नावही काढलं नाही, आणि एकेक करून आत गेले. एनशूही गेला. जाताना म्हणाला, "माझ्यामुळं काही बिघडलं असेल तर..." मी म्हटलं, "वडा तरी चांगला होता ना?"

गाड्या येत होत्या, जात होत्या. मी निशाण धरून उभी. तिकडे देवळात शिओरी आणि इसोगाई-सान चहाचे कप मांडून वाट बघत असणार. मला परत जायला हवं होतं. पाय उचलत नव्हता. मला परत जायचं नव्हतं. हे वाक्य आज पहिल्यांदा लिहिते आहे. मला परत जायचं नव्हतं.

मग गेले.

२० मार्च, सोमवार

दिवसभर लाल घेवड्याचं सारण आटवलं. उद्या पूर्वजांना भाताचे गोड गोळे लागतात. शिओरी भात कुटत होती. एकदा दोघींनी एकदमच तोंड उघडलं. "तू बोल." "नाही, तू बोल." शेवटी ती म्हणाली, "मीठ घातलंस का?"

२१ मार्च, मंगळवार

सकाळी ह्यांच्या समाधीवर गेलो, घराच्या मागंच तर आहे. शिओरी दगडावर पाणी घालत होती, मी घासत होते. तिच्या घोट्यांकडे नजर गेली आणि मला राहवलं नाही.

"तुला कुणी सांगितलं, मला इथं राहायचंय म्हणून?"

तिचा हात थांबला. "एनशूनं सांगितलं ना? तरी मला वाटलंच होतं."

"विचारते ते सांग."

"तूच. रोज. हे घर राखायचं, हे देऊळ जाऊ द्यायचं नाही. बाबा गेले त्या दिवसापासून दुसरं बोललीस काही?"

"ते मी तुझ्यासाठी म्हणत होते! तू बापाची लेक. त्याच्या मागोमाग देवळात फिरायचीस, चार ओळी पठणाच्या बोबड्या म्हणायचीस. वाटलं, तुझ्या हातून हे गेलं तर जन्मभर मला दोष देशील."

"आई, मी चार वर्षांची होते."

"मग?"

"मग मोठी झाले! मला गाई हव्यात. वासरू अडलं की हात घालून वळवायचं असतं आई, तेव्हा बाहेर बर्फ, आत वाफ, आणि ते वासरू कान हलवतं पहिल्यांदा... मला तिथं जायचंय. आमचे म्हातारे डॉक्टर अजून माझी वाट बघतायत. दीक्षेच्या दिवशी त्यांना नको म्हणून कळवणार होते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू मला सांगितलंस?"

मी घासणी खाली ठेवली. म्हटलं, "मला तोमेच्या वरची खोली हवी. पश्चिमेला खिडकी आहे. दार लावून कुलूप घालायचं आणि कुठंही जायचं. फोन वाजला तर वाजू दे. मला इझूला जायचंय. मला समुद्र खांबाशिवाय बघायचाय."

हे एवढं माझ्या आत होतं? ऐकून मीच घाबरले. शिओरी माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली, त्या पुरुषी घोगऱ्या आवाजात. मीही हसले. मग दोघी रडलो, तिथंच, ओल्या दगडाशी. ह्यांनी काय म्हटलं असतं? काही नाही. ह्यांनी तरी कधी सांगितलं होतं काही? घरजावई म्हणून आलेला माणूस, त्याला तरी इथं यायचं होतं का, मी विचारलंच नाही कधी.

२४ मार्च, शुक्रवार

इसोगाई-सानच्या दुकानात गेले. आपण होऊन गेले हे बघून त्यांच्या हातातल्या चिमट्यातली सेनबेई करपली.

सगळं सांगितलं. त्यांनी चिमटा ठेवला, डोक्याचा पंचा काढला, घडी घातली, पुन्हा उलगडला.

"वहिनी, आता एक सांगू का? रागावू नका."

"आज रागावणार. सांगा."

"मठानं गेल्या शरद ऋतूतच माणूस सुचवला होता. बायको, तीन पोरं. चांगला आहे. पण तुम्हाला घर सोडा म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? सगळ्या घराण्यांनी मिळून ठरवलं, वहिनींना दुखवायचं नाही. म्हणून मी मठाला टोलवत राहिलो. ती फेरीसुद्धा... तुमचं मन रमावं म्हणून."

"म्हणजे देऊळ जागतं दाखवायला नाही?"

"मठातलं कोण येतंय हो रविवारी चालत?"

मी त्या उंच स्टुलावर बसले. माझ्यासाठी लेकीनं घसा फोडला, लेकीसाठी मी नवरा शोधला, आमच्यासाठी या भल्या माणसानं सहा महिने मठाच्या शिव्या खाल्ल्या. सगळे एकमेकांसाठी, आणि कुणालाच काही नको होतं. या गल्लीत भिंती मातीच्या आहेत म्हणून टिकल्या असं मी दर रविवारी सांगते. आमच्या सभ्यपणाच्या असत्या तर भूकंपालासुद्धा हलल्या नसत्या.

"रागावलात?" त्यांनी विचारलं.

"हो," म्हटलं. "फार. आज मला अख्खी सेनबेई द्या."

२ एप्रिल, रविवार

काजिउरा-सानकडे रबरी बूट परत मागायला गेले. पायात घालूनच दगड तासत होता. "आता कुठं माझ्या पायाला बसलेत, वहिनी!" म्हणाला. मी दारात उभीच राहिले. शेवटी मोज्यांवर आला बिचारा. त्याला नवे घेऊन देणार आहे, पण हे देणार नाही.

दारात बूट पुन्हा उभे केले. तोच वास. शिओरीनं बघितले आणि आत गेली. नाक ओढल्याचा आवाज आला.

लिहायला नको, पण लिहिते. संध्याकाळी स्वयंपाकघरात एकटीच होते. खांबावर शिओरीच्या उंचीच्या खुणा आहेत, त्याच्या खाली माझ्या. माझ्या आईनं केलेल्या. जायचं ठरलं तेव्हापासून हे घर मला दिसायला लागलंय, पाहुण्यांना मी दाखवते तसं. मला जायचंच आहे. तरी खांबाला धरून बराच वेळ उभी राहिले. तोमेला सांगितलं तर म्हणाली, "खांब काही पळत नाही. चार घरं सोडून तर येणार आहेस." बरोबर आहे. पण चार घरांचं अंतर मला चौसष्ट वर्षं कापता आलं नव्हतं.

२१ मे, रविवार

वर्षश्राद्ध पार पडलं. पठण नव्या पुजाऱ्यानं केलं. आवाज मोठा आहे, छप्पर गळतं त्या जागी नजर गेली त्याची, म्हणजे लक्ष आहे. पोरं मागच्या खोलीत धुडगूस घालत होती. या घरात इतका आवाज मी कधी ऐकला नव्हता.

त्याची बायको नात्सुमे, लहान आहे, भेदरलेली. कालच सामान आलं त्यांचं. कुठली बादली कुठल्या कामाची, उदबत्तीची राख कधी चाळायची, फोन कसा घ्यायचा, सगळं तिला दाखवलं. ती मान डोलवत होती. मध्येच म्हणाली, "काकू, इथून कधी बाहेर पडता येतं?"

काय सांगणार होते मी? सभ्यपणे खूप काही सांगता आलं असतं. म्हटलं, "पडता येत नाही असं सगळे सांगतील. तू विचारत राहा. मोठ्यानं. आणि अडलंच तर मी चार घरांवर आहे, येऊन बसेन फोनपाशी. मला सवय आहे. फक्त रविवारी नाही. रविवारी माझी फेरी असते." फेरी आता स्टेशनवर संपते. पाहुण्यांना तेच सोयीचं पडतं.

माझी बाही धरली तिनं.

इसोगाई-सान भाषण करायला उभे राहिले आणि रडले. तोमेनं त्यांना पंचा दिला, त्यांचाच. मग निघायची वेळ झाली. शिओरीचं संध्याकाळचं विमान आहे. तिच्याबरोबर विमानतळापर्यंत जाणार आहे मी, दोघी एकत्र. देवळात कुणी थांबायचं हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही.

दारात आले. सवयीनं खाली वाकले, पाहुण्यांचे जोडे वळवायला. वळवायला काही नव्हतं. नात्सुमेनं आधीच येऊन सगळ्यांचे वळवून ठेवले होते. इसोगाई-सानचे काळे बूट, तोमेच्या सपाता, शिओरीचे रबरी बूट, आणि त्यांच्या शेजारी माझे, फेरीला घालते ते, टाच उजवीकडे झिजलेले. चौघांचीही तोंडं दाराकडे.

पोरगी घाबरली. "चुकलं का काकू? तुमचे आत ठेवायचे होते का?"

मी मान हलवून नाही म्हटलं. ह्या दारात माझ्या जोड्यांची तोंडं मी आतच पाहत आले, दुसऱ्या कुणी ते बाहेर करून द्यायचे असतात हे मला माहीत नव्हतं. वळावं लागलं नाही, वाकावंही लागलं नाही. सरळ पाय घातले.

"आई, चल, गाडी चुकेल," शिओरी म्हणाली.

निघाले.